पॅस्टन घराण्याचे दफ्तर

1735 साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक परगण्यात, ऑक्सनेड येथील एका ओहोटी लागलेल्या वाड्याच्या दफ्तरखान्यात, फ्रान्सिस ब्लोमफील्ड नावाचा एक पाद्री जुने कागद चाळीत बसला होता. आपल्या परगण्याचा गावोगावचा इतिहास लिहून काढावयाचा या एकाच ध्यासाने पछाडलेला हा गृहस्थ. आणि ज्यांचा हा वाडा त्या पॅस्टन घराण्याचा अखेरचा पुरुष, यार्मथचा दुसरा अर्ल विल्यम, 1732 च्या नाताळात पुरुषवारस मागे न ठेवता, कर्जाचा डोंगर मात्र मागे ठेवून निवर्तला असल्यामुळे, एरवी परक्याच्या दृष्टीस न पडणारे कागद त्याच्या हाती लागले होते. राजमुद्रांकित सनदा, माफीपत्रे, खरेदीखते यांची त्याने रीतसर वर्गवारी केली. आणि जी सुटी पत्रे उरली, ती इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहेत अशी शिफारस करून त्यांची खोलीच्या एका कोपऱ्यात रास घातली. ती रास, त्याच्याच अंदाजाने, कित्येक पोती भरतील एवढी होती.

त्या राशीतून जे कागद काळाच्या आणि उंदरांच्या तावडीतून सुटले, ते आज ‘पॅस्टन पत्रे’ या नावाने विख्यात असून त्यांचा बहुतेक भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहे. 1422 पासून 1509 पर्यंतचे हे सहस्राहून अधिक कागद म्हणजे सहावा हेन्री, चौथा एडवर्ड, तिसरा रिचर्ड आणि सातवा हेन्री अशा चार राजांच्या अमदानीचा, यॉर्क आणि लँकास्टर या दोन राजघराण्यांनी परस्परांच्या रक्ताने इंग्लंडची भूमी भिजविली त्या काळाचा, एका खाजगी कुटुंबाने नकळत लिहून ठेवलेला वृत्तांत होय. राजदरबारांची आणि मठांची दफ्तरे याहून पुष्कळ जुनी आहेत. परंतु ज्यांच्या नावामागे त्या काळी उमरावपदाची शेपटी नव्हती, अशा घरातील सासू-सुनांचे, बापलेकांचे आणि कारभाऱ्यांचे बोलणे पाच शतकांपलीकडून आपल्या कानी यावे, हा योग फार विरळा. आणि हा योग येण्याचे कारण पाहू गेल्यास ते काव्यमय मुळीच नाही. जमिनीच्या कज्ज्यात कोणता कागद केव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडेल याचा नेम नसतो, म्हणून या घराने कोणताच कागद टाकला नाही. खताबरोबर पत्र राहिले, पत्रातील दाव्याच्या मजकुराबरोबर घरातील बारशाचा, आजाराचा आणि रुसव्याचा मजकूरही राहिला.

घराण्याचा मूळ पुरुष क्लेमेंट पॅस्टन हा समुद्रकाठच्या पॅस्टन गावचा एक साधा शेतकरी. पुढे घराण्याला बरे दिवस आल्यावर त्याच्या वैऱ्यांनी या मूळ पुरुषाची जी हकिकत लिहून ठेविली ती मोठी झणझणीत आहे: क्लेमेंट शंभर-सव्वाशे एकर जमीन स्वतःच्या नांगराने कसत असे, धान्याचे पोते खाली घालून खोगिराविना घोड्यावर बसून गिरणीवर जात असे, आणि त्याची बायको तर जन्माने बांधील कुळातील होती, म्हणजे जमिनीबरोबर जिची मालकी बदलते अशा वर्गातील. वैऱ्याच्या लेखणीतील शब्द पारखूनच घेतले पाहिजेत. तथापि एवढे खरे की, या शेतकऱ्याने काही उसनवार करून आपल्या मुलाला कायद्याचे शिक्षण दिले, आणि त्या मुलाने, विल्यमने, बापाच्या नांगराने चार पिढ्यांत मिळाली नसती एवढी जमीन वकिलीच्या लेखणीने एका पिढीत मिळविली. 1429 साली विल्यम न्यायाधीश झाला, आणि 1444 साली तो मरण पावला तेव्हा परगण्यातील अनेक गावे त्याच्या नावावर लागलेली होती. त्याची विधवा ॲग्नेस हिने पुढच्याच वर्षी आपल्या एका मुलाला जे पत्र लिहिले, त्यात बापाचा उपदेश म्हणून आवर्जून सांगितले आहे की, बाबा, कायदा शीक. कारण पॅस्टन गावी ज्याला राहावयाचे असेल त्याला स्वतःचे रक्षण कसे करावे हे ठाऊक असणे प्राप्त आहे. बाईंची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी होती. नव्याने मिळविलेली जमीन जुन्या उमरावांच्या डोळ्यांत सलते, आणि दुर्बळ राजाच्या काळात ज्याच्या पदरी माणसे अधिक त्याचा दावा खरा ठरतो, हे पुढील तीस वर्षे या घराण्याला पदोपदी अनुभवावयाचे होते.

विल्यमचा थोरला मुलगा जॉन आणि त्याची पत्नी मार्गारेट ही या दफ्तरातील मुख्य पात्रे. मार्गारेट ही मॉटबी घराण्याची वारसदार कन्या, आणि तिच्याबरोबर तिच्या जमिनीही सासरी येणार होत्या, हे हिशेबी सासऱ्याच्या ध्यानातून सुटले असेल असे समजण्याचे कारण नाही. 1440 च्या सुमारास वधूवरांची पहिली गाठ पडली तेव्हा ॲग्नेसने नवऱ्याला लंडनला कळविले की, मुलीने मुलाचे आगत-स्वागत मनापासून केले; आणि त्याच पत्रात मुलीसाठी चांगल्या निळ्या किंवा तांबड्या रंगाचे कापड घ्यावे अशी सूचनाही केली. पुढच्याच वर्षी गरोदर असलेली मार्गारेट नवऱ्याला थट्टेने लिहिते की, आपण आता इतक्या सडपातळ झालो आहोत की एकच कंबरपट्टा कमरेला बसतो, तरी दुसरा पाठवावा. आणि गावची सुईण कंबरदुखीने पंधरा आठवडे अंथरुणाला खिळलेली असली तरी, हातगाडीवर घालून ढकलीत न्यावे लागले तरी वेळेला येईन, असा तिचा निरोप आहे. 1443 साली जॉन लंडनला आजारी पडला तेव्हा सासूने वॉल्सिंगहॅमच्या मेरीमातेला मुलाच्या वजनाइतक्या मेणाची मूर्ती वाहण्याचा नवस केला, आणि सुनेने पायी यात्रेचा. आपल्याकडील कोणत्याही घरंदाज सासू-सुनेला हा मजकूर परका वाटणार नाही.

परंतु मार्गारेट ही केवळ नवस बोलणारी गृहिणी नव्हती. जॉन वर्षाचे बरेच महिने कोर्टकचेऱ्यांसाठी लंडनला असे, आणि मागे वसुली, कुळे, गुरेढोरे, दावे आणि प्रसंगी लढाई हा सर्व कारभार तिच्या शिरावर पडे. विल्यमने ग्रेशॅम नावाचे एक गाव प्रख्यात कवी चॉसर याचा पुत्र टॉमस याजकडून विकत घेतले होते. 1448 च्या फेब्रुवारीत लॉर्ड मोलेन्स नावाच्या उमरावाने त्यावर हक्क सांगून ते बळकाविले. मार्गारेट ग्रेशॅमला जाऊन राहिली, आणि तेथून तिने नवऱ्याला जी यादी पाठविली ती या सबंध दफ्तरातील अत्यंत बोलका कागद आहे असे माझे मत आहे. घर ठेंगणे असल्यामुळे तेथून लांब धनुष्ये ओढता येणार नाहीत, तरी आडवी यांत्रिक धनुष्ये, ती ताणण्याची चाके आणि चौकोनी टोकांचे बाण धाडावे. आणि त्याबरोबरच एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी कापडही धाडावे. एकाच कागदावर, एकाच दमात, शस्त्रागार आणि मुदपाकखाना! ज्या बाईला आज घरात गोडधोड करावयाचे आहे आणि उद्या कदाचित त्याच घराच्या खिडकीतून शत्रूवर बाण टाकावयाचे आहेत, तिच्या दृष्टीने त्या दोन्ही जिनसा घरखर्चाच्याच होत्या.

बाणांचा उपयोग झाला नाही. जॉनने राजाकडे जी फिर्याद दाखल केली तिच्यात म्हटल्याप्रमाणे, 1450 च्या जानेवारीअखेर मोलेन्सचे सुमारे एक हजार लोक चिलखते, तोफा आणि भिंती पाडण्याची अवजारे घेऊन चालून आले. घरात मार्गारेट आणि बारा माणसे. हल्लेखोरांनी ती ज्या खोलीत होती तिचा पाया सुरुंग लावावा तसा खणून काढला, तिला उचलून बाहेर नेले, घराचे खांब तोडून ते कोसळविले आणि दोनशे पौंडांची चीजवस्त लुटून नेली. फिर्यादीतील आकडे फिर्यादी पक्षाचे आहेत हे ध्यानात ठेवूनही, बारा माणसांच्या बळावर घर धरून बसलेल्या त्या स्त्रीच्या धैर्याला बाध येत नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात विल्यम लोमनर नावाच्या परिचिताने लंडनहून जॉनला एक पत्र पाठविले. राजाचा सर्वांत बलाढ्य मंत्री, सफोकचा ड्यूक, देशोधडीस लागून समुद्रमार्गे निघाला असता ‘निकोलस ऑफ द टॉवर’ या जहाजावरील लोकांनी त्याला पकडले आणि एका होडीत उतरवून, गंजलेल्या तरवारीच्या पाच-सहा घावांत त्याचे मस्तक तोडून, धड डोव्हरच्या वाळूत फेकून दिले, ही बातमी त्यात आहे. आणि हा कागद आपण अश्रूंनी इतका धुतला आहे की तो तुम्हांला वाचता येणे कठीण, असेही लोमनर लिहितो. इंग्लंडच्या इतिहासग्रंथांतून या वधाचे जे वर्णन येते त्याचा एक मुख्य आधार हे एका खाजगी गृहस्थाला गेलेले पत्र आहे. मात्र पत्र ज्याला लिहिले त्या जॉन पॅस्टनला त्या वार्तेने दुःख झाले असेल, अशी माझी समजूत नाही. सफोकचे लोक नॉरफोकात त्याच्यासारख्यांना सुखाने नांदू देत नव्हते.

यानंतर या घराच्या भाग्याला आणि आपत्तीला एकाच वेळी कारण झालेला पुरुष रंगभूमीवर येतो. सर जॉन फॅस्टॉल्फ हा फ्रान्सच्या युद्धात अपार द्रव्य मिळविलेला म्हातारा सरदार. शेक्सपियरने आपल्या स्थूल, बढाईखोर आणि लोभस फॉलस्टाफला ज्याचे नाव थोडे फिरवून दिले तोच हा, जरी खरा फॅस्टॉल्फ त्या विनोदी पात्रापेक्षा पुष्कळच कर्दनकाळ आणि पैचा हिशेब ठेवणारा असा होता. केस्टर येथे त्याने खंदकाने वेढलेला पक्क्या विटांचा किल्ला बांधला होता. त्याला मूलबाळ नव्हते. मार्गारेटशी त्याचे दूरचे नाते होते, आणि जॉन त्याचा कायदेपंडित सल्लागार. 5 नोव्हेंबर 1459 रोजी फॅस्टॉल्फ मरण पावला, आणि त्याच्या मृत्यूच्या अवघ्या दोन दिवस आधीचे म्हणून जे मृत्युपत्र जॉनने पुढे केले, त्यात नॉरफोक व सफोक परगण्यांतील सर्व जमिनी, चार हजार मार्क भरण्याच्या आणि केस्टरला एक धर्मपीठ स्थापण्याच्या अटीवर, खुद्द जॉनलाच दिलेल्या होत्या. मृत्युशय्येवरील धन्याच्या तोंडी वचनाचा अर्थ त्याच्या वकिलाने सांगावा आणि त्या अर्थाने सर्व मिळकत वकिलालाच मिळावी, हा प्रकार तेव्हाच्या लोकांना संशयास्पद वाटला तर नवल नाही. मलाही तो पूर्णपणे निर्मळ वाटत नाही. फॅस्टॉल्फचे दुसरे व्यवस्थापक, न्यायाधीश येल्व्हर्टन आणि चिटणीस विल्यम वुर्स्टर, हे उघड विरोधात गेले. त्यांच्या आडून नॉरफोक आणि सफोक या दोन ड्यूकांनी आपापले जुने-नवे दावे उकरून काढले.

जॉनची उरलेली आयुर्मर्यादा या एका वारशाने खाऊन टाकिली. लंडनच्या फ्लीट तुरुंगात तो तीन वेळा पडला. आणि 1465 च्या ऑक्टोबरात सफोकच्या तरुण ड्यूकच्या माणसांनी हेल्सडन येथील त्याचे घर जमीनदोस्त करून शेजारचे चर्चही लुटले. हा तरुण ड्यूक म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी होडीत ज्याचे मस्तक तुटले त्याचा मुलगा, आणि आईच्या बाजूने त्याच टॉमस चॉसरचा नातू, ज्याच्याकडून पॅस्टनांनी ग्रेशॅम विकत घेतले होते. परगणा केवढा लहान आणि वैरांची गुंफण केवढी दाट, हे यावरून दिसते. 1466 च्या मे महिन्यात जॉन लंडनला वारला. त्याचा देह नॉरफोकात आणून ब्रॉमहोम मठात मोठ्या थाटाने पुरला गेला, आणि मशालींचा धूर बाहेर जावा म्हणून चर्चच्या खिडकीच्या दोन काचा काढण्याबद्दल काचकाऱ्याला दिलेली मजुरीदेखील त्या उत्तरकार्याच्या जमाखर्चात नोंदलेली आहे.

नवऱ्यामागे मार्गारेटने थोरल्या मुलाला जी ताकीद दिली तीत या सबंध दफ्तराच्या अस्तित्वाचे रहस्य आहे. तुझ्या वडिलांना, ती लिहिते, संकटात असताना कोणत्याही मालमत्तेपेक्षा आपले लेख आणि दस्तऐवज अधिक प्यारे होते. ते नीट सांभाळ, कारण एकदा गेले तर तसे पुन्हा मिळणार नाहीत. मराठी मुलखात आग लागली असता पेटीतील दागिन्यांआधी वतनाच्या सनदांचा रुमाल बाहेर काढणारे जे देशमुख-देशपांडे होऊन गेले, त्यांना या बाईचे म्हणणे तत्काळ पटले असते.

येथे वाचकाला एका घोटाळ्याची सूचना दिली पाहिजे. जॉनच्या पहिल्या दोन्ही मुलांचे नाव जॉनच होते. थोरला सर जॉन हा राजधानीच्या रंगात रमलेला, ग्रंथसंग्राहक, देणे बुडविणारा आणि लग्नाच्या बोहल्यापर्यंत कधीच न पोहोचलेला. धाकटा जॉन घरी राहून आईच्या हाताखाली कारभार पाहणारा, कष्टाळू आणि विनोदी. 1469 च्या ऑगस्टमध्ये नॉरफोकच्या ड्यूकने तीन हजार लोकांनिशी केस्टरला वेढा घातला तेव्हा किल्ल्यात धाकटा जॉन आणि तिसांच्या आतबाहेर माणसे होती, आणि किल्ल्याचा धनी सर जॉन लंडनला सलोख्याची बोलणी लावीत बसला होता. दारू आणि बाण संपत आले आहेत, तुझा भाऊ आणि त्याची माणसे प्राणांतिक संकटात आहेत, अशा अर्थाची जी पत्रे मार्गारेटने थोरल्याला लिहिली, त्यांतील संतापाची धग आजही कमी झालेली नाही. विश्वासू सेवक डॉबनी बाणाने मारला गेला. सप्टेंबरअखेर किल्ला शरण गेला. पुढे 1470 साली फॅस्टॉल्फच्या वारशाची तडजोड झाली तीत बाकीच्या बहुतेक जमिनी सोडून पॅस्टनांच्या हाती केस्टरवरचा हक्क उरला, आणि धर्मपीठाचा पैसा बिशप वेनफ्लीटने ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे वळविला. 1471 च्या एप्रिलात बार्नेटच्या रणांगणावर दोघे भाऊ हरणाऱ्या पक्षाकडून लढले; धाकट्याच्या उजव्या हातात कोपराखाली बाण रुतला आहे पण जीव वाचला आहे, हे सर जॉनने चारच दिवसांनी आईला कळविले. 1476 च्या जानेवारीत नॉरफोकचा ड्यूक अकस्मात वारला तेव्हा कोठे किल्ला घराण्याला परत मिळाला.

केस्टरला वेढा पडलेला असताना, त्याच सप्टेंबरात, मार्गारेटच्या पुढे दुसरेही एक युद्ध उभे होते, आणि ते घरात होते. तिची मुलगी मार्जरी हिने घरचा कारभारी रिचर्ड कॉल याच्याशी गुप्तपणे परस्परांच्या वचनाने विवाह केला होता. आणि त्या काळच्या धर्मशास्त्राप्रमाणे, साक्षीदार आणि पुरोहित नसतानाही, असे वचन विवाहाइतकेच बंधनकारक ठरत असे. कॉल हा हिशेबात चोख, कायद्यात वाकबगार, धन्याच्या कित्येक पत्रांचा लेखकही तोच. पण जातीने दुकानदारांचा. माझी बहीण फ्रॅमलिंगहॅमच्या बाजारात मेणबत्त्या आणि मोहरी विकीत बसलेली मला पाहवणार नाही, असे धाकट्या जॉनने लिहिले. बांधील कुळातील म्हणून ज्यांच्या पणजीची हेटाळणी झाली त्यांनीच हे लिहावे! नॉर्विचच्या बिशपने मार्जरीला बोलावून घराण्याच्या अब्रूची आठवण दिली आणि नेमके कोणते शब्द उच्चारले ते विचारले. तिने ते सांगितले, आणि म्हणाली की एवढ्याने विवाह पक्का होत नसेल तर येथून जाण्यापूर्वी मी तो अधिक पक्का करीन. कॉलला वेगळे विचारले. त्याचेही शब्द जुळले. घरी परतलेल्या मुलीला आईने दारातून आत घेतले नाही, आणि थोरल्या मुलाला लिहिले की आपण जिला गमावले ती काही मोठ्या मोलाची नव्हती.

या प्रकरणात कॉलने ताटातुटीच्या दिवसांत मार्जरीला लिहिलेले एक दीर्घ पत्र शिल्लक आहे. आजारी मनुष्याच्या हातून कष्टाने लिहिले गेलेले, निष्ठावंत, काहीसे तक्रारखोर असे ते पत्र असून त्याच्या शेवटी, हे कोणाला दाखवू नकोस, वाचून होताच जाळून टाक, अशी विनवणी आहे. ते जळले नाही. मार्जरीला ते जाळवले नाही म्हणावे, तर तिच्या पदराखाली राहिलेला कागद तिच्या आईच्या दफ्तरात कसा आला याचा उलगडा होत नाही. बहुधा तो वाटेतच पकडला गेला, आणि विवाहाच्या वादात पुरावा म्हणून बांधून ठेवला गेला. ज्या घराने या दोघांना उंबरठ्याबाहेर काढले, त्याच घराच्या कज्जेदलाल सवयीने त्यांचे प्रेमपत्र वाचविले. विवाह अखेर मान्य करावा लागला. कॉल कारभारी म्हणून चाकरीत राहिला, कारण त्याच्यावाचून हिशेब अडू लागले. आणि 1482 च्या मृत्युपत्रात मार्गारेटने मार्जरीचा मुलगा जॉन कॉल याच्या नावे वीस पौंड ठेविले.

याच्या उलट बाजूस धाकट्या जॉनचे लग्न आहे. 1477 च्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज या त्याच्या वाग्दत्तेने त्याला आपला परमप्रिय व्हॅलंटाइन असे संबोधून दोन पत्रे पाठविली, आणि इंग्रजीतील उपलब्ध असे पहिले व्हॅलंटाइन पत्र म्हणून त्यांची आज जगभर कीर्ती आहे. परंतु ती वाचताना अर्ध्याहून अधिक मजकूर हुंड्याचा आहे हे विसरता येत नाही. वडील ठरलेल्या रकमेहून अधिक देण्यास राजी नाहीत, आईने आपल्याकडून होईल तेवढी रदबदली केली आहे, आणि एवढ्यासाठी तू मला सोडणार नाहीस अशी आशा आहे, हे ती मुलगी बापाच्या कारकुनाच्या हातून लिहविते. जॉनने अधिक रकमेचा हट्ट पुरता सोडला नाही. पण सोडून दिले नाही तिलाही. मार्गारेटने एक गाव नव्या जोडप्याच्या नावे करून दिले आणि लग्न झाले. या हिशेबीपणाने प्रेमाला कमीपणा येतो असे मानणाऱ्यांनी आपल्या आजोबांच्या लग्नाची याद एकदा काढून पाहावी.

आणखी एक गोष्ट. मार्गारेटच्या शंभरावर पत्रांत निरनिराळ्या अनेक लेखकांची वळणे आढळतात. ती सांगत असे, आणि घरचा पुरोहित, कारभारी किंवा एखादा मुलगा लिहीत असे. कॉलच्याही हस्ताक्षरात तिची पत्रे आहेत. म्हणजे आपण जो तिचा आवाज म्हणून ऐकतो तो दुसऱ्याच्या बोरूतून आलेला आहे, तरी प्रत्येक पत्रात बाई एकच आहे, हे कोणत्याही वाचकाला जाणवावे. पत्रांवर साल बहुधा नसते. अमुक संताच्या सणानंतरचा मंगळवार एवढेच असते, आणि मग संशोधकाला मजकुरातील मृत्यू, लढाया आणि खटले यांच्या आधाराने वर्ष ठरवावे लागते. चंद्र आणि वार देऊन साल मोघम ठेवणाऱ्या मोडी पत्रांशी आमचे राजवाडे आणि सरदेसाई ज्या चिकाटीने झुंजले, तीच झुंज ही.

ब्लोमफील्डच्या राशीचे पुढे जे झाले ती कहाणी घराण्याच्या कहाणीइतकीच वळणावळणाची आहे. त्याच्या मृत्यूनंतर कागद पाल्ग्रेव्हच्या टॉमस मार्टिन या पुराणवस्तूंच्या वेड्या आणि मद्याच्या शौकी वकिलाकडे आले. तो 1771 साली वारल्यावर डिस गावच्या वर्थ नावाच्या औषधविक्याने ते घेतले. आणि त्याच्या मागे ईस्ट डिअरहॅमचा जॉन फेन याच्या हाती ते पडले. फेनने 1787 साली दोन खंड छापिले: डाव्या पानावर मूळ लेखनाबरहुकूम नक्कल, उजव्या पानावर चालू लेखनपद्धतीने तोच मजकूर. पहिली आवृत्ती आठवड्याच्या आत खपली, लेखक होरेस वॉलपोल खूष झाला, आणि त्या दोन खंडांची मुळे तीन जिल्दांत बांधून फेनने तिसऱ्या जॉर्ज राजाला नजर केली, तेव्हा राजाने त्याला ‘सर’ केले. नजराणा मोठा महाग पडला. राजाच्या ग्रंथालयात त्या जिल्दा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत. 1789 साली आणखी दोन खंड निघाले. पाचवा फेनच्या मागे, त्याच्या पत्नीच्या माहेरचा विल्यम फ्रिअर याने 1823 साली प्रसिद्ध केला. आणि हळूहळू त्या सर्वांची मुळे नाहीशी झाली.

मुळे नाहीत, नक्कल तेवढी आहे, अशा स्थितीत 1865 साली हर्मन मेरिव्हेल या विद्वानाने प्रश्न टाकला की ही पत्रे खरी कशावरून? सरकारी दफ्तरखान्यातील जेम्स गेर्डनरने पत्रांची बाजू घेतली, आणि वाद चालू असतानाच फिलिप फ्रिअरच्या केंब्रिजजवळील घरी पाचव्या खंडाची मुळे सापडली. मराठी वाचकाला येथे एक ओळखीचे नाव ऐकू आले असेल. ज्या घराण्यात ही पेटी पडून होती त्याच घराण्यातला, विल्यम फ्रिअरचा पुतण्या, सर बार्टल फ्रिअर त्या वर्षी मुंबईच्या गव्हर्नरपदावर होता आणि मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडून शहर मोकळे करीत होता. त्याहून सतरा वर्षे आधी साताऱ्याचा रेसिडेंट असताना, राज्य खालसा करू नये असे मत वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध नोंदविणारा हाच तो फ्रिअर. वारसाहक्क, मृत्युशय्येवरील व्यवस्था आणि बळाने ठरणारे न्याय यांचा त्याला साताऱ्यात जो परिचय झाला, त्याचे इतके जुने नमुने आपल्याच घराण्यात धूळ खात आहेत, याची त्याला कल्पना होती की काय, कोण जाणे.

ब्रिटिश म्युझियमने 1866 साली ते कागद विकत घेतले. गेर्डनरची आवृत्ती 1872 पासून निघू लागली आणि 1875 साली ती पुरी होण्याच्या सुमारास, फ्रिअरांच्याच रॉयडन येथील वाड्यात तिसऱ्या व चौथ्या खंडांची मुळे, शिवाय फेनने कधीच न छापलेली कित्येक पत्रे मिळाली. राहिल्या राजाच्या जिल्दा. त्या 1889 साली सफोकमधील ऑर्वेल पार्क येथे, प्रिटीमन घराण्याच्या ग्रंथसंग्रहात आढळल्या. या घराण्याचा पूर्वज, लिंकनचा बिशप, मुख्य प्रधान पिटचा शिक्षक आणि चिटणीस होता, तेव्हा राजवाड्यातून त्या कोणत्या वाटेने बाहेर पडल्या असाव्यात याचा तर्क करता येतो. 1933 साली त्याही म्युझियमच्या दफ्तरी दाखल झाल्या. मुळे हाती आल्यावर ताडून पाहता फेनने काही उतारे गाळले होते आणि क्वचित वाचनात चुका केल्या होत्या, पण बनावट एकही पत्र नव्हते.

पुढे ऑक्सफर्डच्या नॉर्मन डेव्हिसने हस्ताक्षरे पडताळून 1971 आणि 1976 साली जी आवृत्ती सिद्ध केली ती पांडित्याच्या दृष्टीने अद्वितीय आहे. तीत पत्रे कालक्रमाने नाहीत. प्रत्येक लेखकाची एकत्र, आणि बाहेरच्यांकडून आलेली दुसऱ्या भागात. भाषाशास्त्र्याला ही रचना सोयीची. पण साध्या वाचकाला मार्गारेटचे पत्र एका ठिकाणी आणि त्यावर जॉनचे उत्तर शेकडो पाने अलीकडे शोधीत बसावे लागते, लोमनरच्या पत्रासाठी भाग बदलावा लागतो, आणि केस्टरचा वेढा तर तीन-चार ठिकाणी बोटे घालून वाचावा लागतो. म्हणून माझ्यासारखा मनुष्य अर्थासाठी डेव्हिस उघडतो, आणि नुसते वाचावयाचे असले की गेर्डनरकडेच जातो.